सत्काराच्या आधी दाखला

नगर शहरात फौज डोळ्यांना दिसते. आर्मर्ड कोअरचं सेंटर आणि स्कूल इथे आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथे आहे, लष्करी गाड्यांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथे आहे. भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि रणगाड्यांचं संग्रहालय बघायला लांबलांबच्या शाळांच्या सहली येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं, तरी फौजेत गेलेला आमच्याकडचा कुठलाही पोरगा 'मी नगरचा' असंच सांगतो.

खेड्यातली फौज अशी दिसत नाही. पारनेर, श्रीगोंदा, पाथर्डी, शेवगाव, नगर या तालुक्यांत गावोगाव फौजींची घरं आहेत. घरावर पाटी असते, कपाटावर काळी पेटी असते, पेटीवर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव असतं. माणूस मात्र घरात नसतो. तो असतो तेव्हा रजेवर असतो. फौजीला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा मिळते, त्यातही सुटी मंजूर होणं युनिटच्या कामावर. बाकीचं वर्ष घर, शेत, गुरं, सासू-सासरे, पोरांची शाळा आणि सरकारी कचेऱ्या हे सगळं त्याची बायको ओढते. मी तशीच बायको होते. आमचे हे हवालदार म्हणून निवृत्त झाले. गाव त्यांना मेजर म्हणतं, कारण आमच्याकडे प्रत्येक फौजी मेजरच असतो. आता मी ग्रामपंचायत सदस्य आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्या घरांच्या अडचणी सांगणार आहे ती घरं लगेच ओळखू येतील.

निवडून आल्यावर फौजींच्या घरांसाठी काय करणार, असं मला विचारलं गेलं तेव्हा बहुतेकांच्या मनात स्वागत कमान होती. पोरगा भरती झाला की उघड्या जीपमधून मिरवणूक, निवृत्त झाला की पुन्हा मिरवणूक, १५ ऑगस्टला शाल-श्रीफळ. हे सगळं मला आवडतं. हे निवृत्त होऊन आले तेव्हा वेशीपासून घरापर्यंत गावाने फुलं टाकली होती, त्या दिवशी सासूबाईंच्या डोळ्याचं पाणी खळलं नाही. पण फौजीच्या घराला ग्रामपंचायतीकडून सगळ्यात आधी लागतो तो वेळेवर मिळालेला, अक्षरन् अक्षर बरोबर असलेला दाखला. माझ्या यादीत तो पहिला आहे.

याचं कारण फौजेच्या कामाच्या पद्धतीत आहे. जवानाचं लग्न झालं, मूल झालं, आई-वडिलांपैकी कुणी गेलं, तर ते युनिटला कळवावं लागतं आणि त्याची नोंद 'पार्ट टू ऑर्डर'ने त्याच्या रेकॉर्डला चढते. फौजीच्या घरातल्या बायकांना इंग्रजी येवो न येवो, 'पार्ट टू' हा शब्द ठाऊक असतो. ती नोंद झाली की बायकोचं वैद्यकीय कार्ड, मुलांच्या शिक्षणाचा भत्ता आणि पुढे कधी वेळ आलीच तर कुटुंब निवृत्तिवेतन, सगळं सरळ होतं. आणि त्या नोंदीला पुरावा म्हणून जोडायचा कागद येतो गावातून. गावात विवाह निबंधक ग्रामसेवक, जन्ममृत्यूचा निबंधकही ग्रामसेवक. २०२४ पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. म्हणजे सियाचीनला असलेल्या जवानाच्या सर्व्हिस रेकॉर्डचा एक पाय आमच्या ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात असतो.

घोळ कुठे होतो ते सांगते. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत आहे. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहितात. समजा, माहेरचं नाव चंद्रकला आणि तांदळात लिहिलेलं मंगल. शाळेच्या दाखल्यावर चंद्रकला. नवऱ्याने कौतुकाने युनिटला मंगल कळवलं. आधार कार्ड काढताना कुणी शाळेचा दाखला लावला, कुणी रेशनकार्ड. बँकेच्या पासबुकावर तिसरंच, मंगलबाई. नवरा नोकरीत आहे तोवर कुणाचं लक्ष जात नाही. तो गेल्यावर पेन्शनच्या कागदावरची मंगल आणि आधारवरची चंद्रकला या एकच बाई आहेत हे तिला सिद्ध करावं लागतं. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात, रेकॉर्ड ऑफिसला पत्रं, आणि उत्तर येईपर्यंत घरात पैसा नाही. आता पेन्शनचा सगळा कारभार 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर आहे. पूर्वी बँकेतला ओळखीचा साहेब नजरेआड करायचा ती एका अक्षराची चूक संगणक सोडत नाही. आमच्या गावात एका म्हाताऱ्या वीरपत्नीच्या बाबतीत हे मी जवळून पाहिलं. तिच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत नवऱ्याचं डिस्चार्ज बुक होतं, कडा वाळवीने खाल्लेलं, आणि नेमकं कुटुंबाच्या तपशिलाचं पान पुसट झालेलं.

म्हणून मी ग्रामपंचायतीत एक वही सुरू करायला लावली. गावातल्या प्रत्येक सेवेतल्या आणि निवृत्त फौजीच्या घरचं एक पान. त्यात पाच ठिकाणची नावं शेजारीशेजारी लिहायची: सर्व्हिस रेकॉर्ड, आधार, बँक, विवाह दाखला, मुलांचे जन्म दाखले. जिथे अक्षर जुळत नाही तिथे लाल खूण. नवरा नोकरीत असेल तर त्याच्या पुढच्या रजेत पार्ट टू दुरुस्त करून घ्यायला सांगायचं, कारण नोकरीत असताना जे काम युनिटच्या क्लार्ककडे होतं ते निवृत्तीनंतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि रेकॉर्ड ऑफिस यांच्यामध्ये महिनोन्महिने फिरतं. या वहीला निधी लागत नाही. कंटाळा न करता घरोघर बसणारं माणूस लागतं, आणि ते काम बाई सदस्याला जास्त जमतं. पेटीतले कागद बायका परक्या पुरुषापुढे काढत नाहीत.

जन्माच्या नोंदीचंही तेच. मूल जन्मल्यापासून २१ दिवसांत नोंद विनाशुल्क होते. वर्ष उलटलं तर अधिकाऱ्याचा आदेश लागतो. बाळंतपण माहेरी, माहेर दुसऱ्या तालुक्यात, बाप राजस्थानात; नोंद कुणी करायची यातच वर्ष जातं. आशाताईंना मी सांगून ठेवलंय की फौजीच्या घरात बाळ आलं की मला आधी कळवायचं.

घरपट्टीचा विषय सोपा आहे, तरी अडतो. राज्य सरकारने २०२० मध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घराच्या मालमत्ता करातून सूट दिली. बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाची ही सन्मान योजना आहे. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र आणि नमुना आठचा उतारा जोडून अर्ज द्यायचा. अडतं ते इथे, की घर अजून सासऱ्याच्या नावावर असतं. आणि ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टीच, त्यामुळे सूट द्यायला कुणी उत्साहाने पुढे येत नाही. माझं मत स्पष्ट आहे. निर्णय झालेला आहे, तो राबवायचा. वसुली वाढवायची तर ढाबे आणि मंगल कार्यालयांची आकारणी नीट करा.

आता शेताच्या वाटेकडे येते. फौजीच्या बायकोला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट हीच.

बांध कोरला जातो, पाणंद नांगरली जाते, विहिरीच्या पाळीचा वाद निघतो. करणारा बहुतेक वेळा भाऊबंदच असतो. त्याला माहीत असतं की पुढचा माणूस दिवाळीशिवाय येत नाही. वाट अडवली तर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दावा लावता येतो. हा कायदा १९०६ चा आहे आणि आजही शेतरस्त्यांच्या भांडणात तोच कामाला येतो. पण वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. जानेवारीत रजा संपवून गेलेला जवान पुन्हा यायच्या आत सहा महिने सहज निघून जातात. बायकोने तक्रार करावी तर सातबारावर तिचं नाव नाही. म्हणून माझा आग्रह आहे की प्रत्येक सेवेतल्या फौजीने बायकोच्या किंवा विश्वासाच्या माणसाच्या नावे नोंदणीकृत मुखत्यारपत्र करून ठेवावं. घरात याचा विषय काढला की सासरे रागावतात. त्यांना वाटतं सून जमीन विकेल. मुखत्यारपत्रात कुठले अधिकार द्यायचे, कुठले नाही, हे लिहिता येतं, हे त्यांना शांतपणे समजावून सांगावं लागतं. एका घरी मी आणि आमचे हे दोघे गेलो होतो. सासरे आधी बोलेचनात. शेवटी यांनी विचारलं, "काका, कोर्टात तारखेला तुम्ही जाणार का?" तेव्हा कुठे ते तयार झाले.

उलट्या बाजूने, फौजीवरच कुणी दावा लावला तर त्याच्या पाठीशी एक जुना कायदा उभा आहे, आणि तो गावात कुणालाच माहीत नसतो. १९२५ चा भारतीय सैनिक खटले अधिनियम. युद्धपरिस्थितीत किंवा कायद्यात सांगितलेल्या विशेष ठिकाणी तैनात असलेल्या जवानाच्या गैरहजेरीत दिवाणी किंवा महसुली दावा पुढे रेटू नये, अधिकृत प्रमाणपत्र आलं की कामकाज थांबवावं, अशी त्यात सोय आहे. त्यात भर म्हणून जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 'वीर परिवार सहाय्यता योजना' सुरू केली. सैनिक कल्याण कार्यालयांमध्येच कायदेशीर मदतीची केंद्रं ठेवून जवानाच्या घरच्यांना वकिलाची मदत द्यायची, असं तिचं रूप आहे. ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावायला किती खर्च येतो?

आपल्या जिल्ह्याने या बाबतीत राज्याला वाट दाखवलेली आहे. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी वर्षात, २०२२ साली, राजेंद्र भोसले जिल्हाधिकारी असताना नगरमध्ये सेवेतले जवान, माजी सैनिक आणि शहिदांच्या कुटुंबांची सरकार दरबारी अडकलेली कामं मोहीम लावून मार्गी लावायचं ठरलं. मोजणी, फेरफार, शेतरस्ते, दाखले, अतिक्रमणं, सगळी. त्यानंतर त्याच उन्हाळ्यात 'अमृत जवान अभियान' या नावाने ते राज्यभर नेलं गेलं. तालुक्याच्या कचेरीत फौजीच्या बायकोला खुर्ची देऊन कागद बघणारे अधिकारी त्या काळात लोकांनी पाहिले. पण मोहिमेला शेवटची तारीख असते, बांध कोरणाऱ्याला नसते. असं अभियान दर वर्षी व्हावं, आणि त्याची यादी तालुक्यात नको, ग्रामसभेत तयार व्हावी.

वीरपत्नींबद्दल बोलताना माझा आवाज चढतो, त्याला इलाज नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला: बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. जवानाचं पार्थिव गावात येतं, मंत्री-संत्री येतात, बंदुकीच्या फैरी झडतात, 'अमर रहे'च्या घोषणांनी शिवार दुमदुमतं. त्याच संध्याकाळी त्याच्या पंचविशीतल्या बायकोच्या बांगड्या दगडावर फोडल्या जात असतील, तर गावाने कसला मान दिला? हळदीकुंकवाला तिला आधी बोलवा. ध्वजवंदनाला पुढे बसवा. मदतीचा धनादेश आला की तिच्या घरी रोज नवा पाहुणा उगवतो, त्या दिवसांत तिच्या शेजारी बसणारी एक शहाणी बाई गावाने नेमून द्यावी. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांना आहेत. हे काम आमचंच आहे.

पोरांच्या भरतीचं थोडक्यात सांगते. पहाटे पाचला आमच्याकडच्या रस्त्यांवर पोरं पळत असतात आणि त्याच वेळी उसाचे ट्रॅक्टर, दुधाच्या गाड्याही धावत असतात. धुक्यात काय होतं हे सांगायला नको. १६०० मीटरची धाव, बीमवर दहा पुलअप, नऊ फुटांचा खड्डा ओलांडायचा, एवढ्यासाठी गावातच सोय होऊ शकते. सपाट जागा, मुरूम टाकून रोलर फिरवलेला ४०० मीटरचा ट्रॅक, दोन लोखंडी खांबांवर आडवी नळी. २०२३ पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि मग मैदान, असा क्रम झाला आहे. त्यामुळे नुसता दम असून चालत नाही. अभ्यासिका आणि तिथे चालणारं इंटरनेट ट्रॅकइतकंच गरजेचं झालं आहे. हे असेल तर गरिबाच्या पोराला अकॅडमीच्या फीपायी गाय विकावी लागणार नाही.

आणि इथेच माझ्या काळजीचा नवा विषय आहे. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. चार वर्षांची सेवा, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम, बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी घेऊन घरी. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. म्हणजे घरपट्टीची सूट नाही, कँटीन नाही, ईसीएचएसचा दवाखाना नाही. चार वर्षं शिस्तीत राहिलेला बावीस-पंचवीस वर्षांचा पोरगा, खात्यावर एकदम आलेली रक्कम, आणि दारात गाडीचे, प्लॉटचे, दुप्पट पैशांचे एजंट. निमलष्करी दलांत अग्निवीरांना राखीव जागा आहेत, पण अर्ज वेळेत करायचा तर कुणीतरी सांगायला हवं. आमच्या वहीत अग्निवीरांची पानंही आहेत आणि प्रत्येकाच्या पुढे त्याची चार वर्षं संपण्याचा महिना लिहिला आहे. कायदा त्याला माजी सैनिक म्हणत नसला, तरी गावाने म्हणायला कुणाची हरकत नाही.

असा परतलेला माणूस गावासाठी काय करू शकतो, हे सांगायला आम्हाला दूर जावं लागत नाही. पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी शेजारीच आहे. १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवर फौजेची गाडी चालवणारे अण्णा हजारे १९७५ मध्ये निवृत्त होऊन तिथेच आले आणि दुष्काळी, दारूच्या भट्ट्यांनी पोखरलेल्या त्या गावाने पाणी अडवायला सुरुवात केली.

फौजेचं शेजारपण नेहमी सुखाचं नसतं, हेही लिहायला हवं. नगर, पारनेर, राहुरी तालुक्यांच्या सीमेवर के. के. रेंज हे रणगाड्यांच्या सरावाचं क्षेत्र आहे. खारे कर्जुने आणि आसपासच्या गावांना गोळीबाराच्या आवाजाची सवय आहे. पण जमीन जाईल की राहील ही टांगती तलवार तिथल्या शेतकऱ्यांवर वर्षानुवर्षं आहे, आणि भंगारासाठी न फुटलेले तोफगोळे उचलायला गेलेल्यांचे जीव गेलेले आहेत. सरावाच्या तारखांची दवंडी प्रत्येक वस्तीवर पोचणं आणि भंगाराच्या धंद्यातल्या कुटुंबांना दुसरं काम मिळणं, हे त्या भागातल्या सदस्याचं पहिलं काम असायला हवं. त्याच गावांतली पोरं फौजेतही आहेत. जमिनीबद्दल प्रश्न विचारला म्हणून कुणी त्यांची देशभक्ती तपासू नये.

भिंगारची अडचण वेगळी. तो छावणीचा भाग. तिथे कॅन्टोन्मेंट बोर्ड, अध्यक्ष लष्करी अधिकारी आणि सोबत लोकांनी निवडलेले सदस्य, अशी २००६ च्या कायद्याची रचना. बोर्डाची मुदत संपली, एप्रिल २०२३ ची जाहीर झालेली निवडणूक मार्चमध्ये रद्द झाली आणि देशभरातल्या छावण्यांचा नागरी भाग शेजारच्या पालिकांना जोडायचं धोरण पुढे आलं. या मधल्या काळात नळाला पाणी आलं नाही तर भिंगारच्या बाईने निवडून दिलेल्या कुणाच्या दारात जायचं? आमच्या गावात निदान माझं दार आहे.

राहिलं स्मारक. शहिदाचं स्मारक गावात असावंच, त्याबद्दल दुमत नाही. पण वर्गणी आणि निधी मर्यादित असताना आधी काय, हे सदस्याने सांगायचं असतं, आणि मी सांगितलं: आधी वही, वाटा, अभ्यासिका, मग संगमरवर. काही जणांना ते रुचलं नाही. ज्या घरातला जवान गेला त्या घरातल्या आईने मात्र मला अंगणात थांबवून एवढंच विचारलं, नातवाच्या शाळेच्या फॉर्मवर सही कुणाची चालेल.

ग्रामसभा १५ ऑगस्टला असते, २६ जानेवारीला असते. त्या दिवशी झेंड्याखाली फौजींची आठवण सगळ्यांनाच येते, तर झेंडावंदन झाल्यावर लगेच घरी जाऊ नका. आधी लेखी अर्ज देऊन हा विषय विषयपत्रिकेवर घ्यायला लावा आणि गावातल्या फौजींच्या घरांची यादी मोठ्याने वाचून घ्या: कुणाचा दाखला अडलाय, कुणाची वाट अडलीये, कुणाचा अग्निवीर कधी परत येतोय. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस पूर्ण होतात.